गाव देवगड

"गाव कुठलं?" सुपरवायझर महाडिकने विचारलं.

"देवगड," सेबेस्टियन म्हणाला.

"नाव?"

"शांताराम सावंत."

देवगड त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तो वसईतल्या गिरीजचा ख्रिस्ती, केळीच्या वाडीत वाढलेला. पण गोखिवऱ्याच्या गाळ्यांत लोकल माणूस घेत नाहीत, हे वसईत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लोकल म्हणजे, ज्यांच्या भातशेतीत भराव टाकून हे गाळे उभे राहिले ती माणसं. मालकलोकांचं म्हणणं असं, की लोकल माणूस सणावाराला दांड्या मारतो, आणि मशीनमध्ये बोट गेलं तर अख्खा गाव दारात आणून उभा करतो. त्यापेक्षा लांबचा बरा. त्याचं बोट गेलं तर तो निमूट गावाला जातो.

"रेशनकार्ड?"

"गावाक आसा."

हे एवढं एक वाक्य एव्हरशाईन सिटीतल्या एका मालवणी वॉचमनकडून शिकून, बायकोने, क्लाराने, सेबेस्टियनकडून घोकून घेतलं होतं. महाडिक हसला.

"आजचा दिवस बघतो. हात चालला तर उद्यापासून ये."

हात चालला. मुंबईची कंपनी बंद पडल्यापासून सेबेस्टियन घरी होता आणि क्लारा डोक्यावर टोपली घेऊन दारोदार भाजी विकत होती. अशा माणसाचा हात चालणार नाही तर काय! मशीनमधून प्लास्टिकचे मग पडायचे, गरम गरम. कडेला राहिलेलं जादा प्लास्टिक पात्याने तासायचं आणि ते पोत्यात भरायचे. महाडिक दोनदा येऊन बघून गेला. दुसऱ्या वेळी त्याने चहा पाठवला. आता चहा आला म्हणजे नोकरी आलीच की! सेबेस्टियनने मनातल्या मनात क्लाराची टोपली माळ्यावर टाकूनही दिली.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी लाईट गेली.

मशीन थांबली. पंखे थांबले. पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची नखं ऐकू यावीत इतकं शांत झालं. आणि त्या शांततेत लांबून, पश्चिमेच्या वाऱ्यावर, घंटा आली. चर्चची बाराची घंटा.

सेबेस्टियन उठून उभा राहिला. उभं राहायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं. वाडीत त्याचा बाप बाराच्या घंटेला कुदळ टाकून उभा राहायचा, तसा तो राहिला. हात आपला आपण कपाळाला गेला, छातीला गेला, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला. ओठ पुटपुटले. डोळे उघडले तर समोर महाडिक.

"काय रे शांताराम," तो हळूच म्हणाला, "देवगडला ही पद्धत कधीपासून?"

सेबेस्टियनला मालवणी एकच वाक्य येत होतं, ते वापरून झालं होतं.

"साहेब, काम बघा ना माझं. कामात काही कमी असेल तर बोला."

"काम चांगलंय. म्हणून तर वाईट वाटतंय. पण मालकाला कळलं तर तुझ्याआधी मी बाहेर. मला कोण दुसऱ्या गाळ्यात घेणार आहे? चल."

महाडिक स्वतः त्याला फाटकापर्यंत सोडायला आला. बाहेर माणसं उभी होतीच, ती रोजच असत. सगळ्यात पुढे होता आल्बर्ट, सेबेस्टियनचा सख्खा साडू. त्याच्या धाकट्या मुलीच्या बाप्तिस्म्याला सेबेस्टियनच धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. इथं माणूस पाहिजे असल्याचं सेबेस्टियन त्याला बोलला नव्हता. आल्बर्टही बोलला नव्हता. काल संध्याकाळी दोघं एकाच ओट्यावर बसून, कुठंच काही नाही रे, कुठंच काही नाही, असं एकमेकांना सांगत होते.

आल्बर्टने गळ्यातली साखळी काढून ठेवली होती. तिच्या जागी कातडीवर फिकट रेघ दिसत होती.

"गाव?" महाडिकने त्याला विचारलं.

"चिपळूण, साहेब. जितेंद्र मोरे."

महाडिक थबकला. दुधाने तोंड पोळलेला माणूस तो, आता ताक फुंकून पिणारच. त्याने आल्बर्टला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागं वळला.

"ए शांताराम, का जो कोण असशील तो. हा तुमच्यातलाच काय रे?"

आल्बर्ट जमिनीकडे बघत होता. सेबेस्टियनला राग आला, कालच्या ओट्यावरच्या गप्पांचा. मग लाज वाटली, कारण त्या गप्पा त्यानेही मारल्या होत्या. आता त्याने नुसतं हो म्हणायचा अवकाश, की आल्बर्टही त्याच्याबरोबर पायी गिरीजला परत निघणार होता.

"नाही साहेब," तो म्हणाला. "आमच्यातला नाही."

"खरं सांगतोस कशावरून?"

"आमच्यातला असता तर लगेच सांगितलं असतं, साहेब. माझं गेलं, मग त्याचं कशाला राहू देऊ?"

हे महाडिकला ताबडतोब पटलं, आणि त्याने फाटक उघडलं.