जास्तीचा कागद

लहान मुलांची चित्रकला कशी वाढत जाते, याचा बाई अभ्यास करत. बालवाडीत कागद वाटत आणि चित्रं काढून झाली की गोळा करत. दर वेळी एक कागद जास्त निघायचा.

बाईंची लेक वारली तेव्हा ती नुसत्या रेघोट्या ओढायची. जास्तीच्या कागदावरही आधी रेघोट्याच होत्या. पुढे गोल जमला, मग त्या गोलाला डोळे आले, पाय फुटले.

आज त्या माणसाला हात आले होते, वर पसरलेले.

"मॅडम, हा कुणाचाच नाही म्हणतात," शिक्षिका म्हणाली.

बाईंनी कागद छातीशी धरला. डोळे भरून आले.

तेवढ्यात एक चिमुरडी जवळ आली. कागदाकडे नाही, बाईंच्या गुडघ्यापाशी बघत म्हणाली,

"मावशी, हिला कडेवर घे ना. केव्हाची रडतेय."