हरवलेल्यांच्या वहीत

“हरवलेल्यांच्या वहीत तुमच्या आजोबांचं नाव नाही.” रेकॉर्ड रूमच्या कारकुनाने वही मिटली. “चौसष्ट वर्षांपूर्वीचं ते सगळं वर्ष पाहिलं. पुढची दोन वर्षंही.”

“म्हणजे कुणी तक्रारच केली नाही?”

“नोंद नाही, एवढंच सांगतो, ताई.”

तिने मागे वळून पाहिलं. आत्या बाकावर मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. येऊ नकोस म्हटलं तरी आली होती. पोलीस ठाण्यातले जुने कागद या खोलीत आणून ठेवलेत हे कळल्यापासून आत्याला एकाएकी भाचीची फार काळजी वाटू लागली होती.

“आत्या, आजीने तक्रार केली होती असं तूच सांगितलंस.”

“केली असेल. मी नऊ वर्षांची होते गं.”

“आजोबा सकाळी गेले ते आलेच नाहीत, हे मात्र तुला पक्कं आठवतं.”

“वकिलीण कधीपासून झालीस?”

बाबांना जाऊन महिना झाला होता. शेवटच्या आठवड्यात दाराची कडी वाजली की ते मान वळवत. आपल्यात अशी काय खोट होती की वडील चार वर्षांच्या पोराला टाकून गेले, हा एकच प्रश्न त्यांनी जन्मभर उराशी धरला. शोधून काढीन, असा तिने त्यांना शब्द दिला होता.

शोधायला लागल्यावर मात्र तिला भलतीच शंका येऊ लागली. आजोबा गेले आणि आठवड्याच्या आत आजीने घराला कुलूप घालून दोन मुलांसह गाव सोडलं. नवरा परत येईल असं वाटणारी बाई घर सोडते? पुढे ती बाबांना अंगणातही एकटं सोडत नसे. अनोळखी माणूस दिसला की दार लावून घेई. आत्याच्या सांगण्यात आजोबांच्या हातात कधी डबा असे, कधी ट्रंक. आत्याचे पाळण्यातले चार फोटो होते, बाबांचा एकही नव्हता. “धाकट्याचे कोण काढतं? सगळी हौस पहिल्यावरच फिटते,” म्हणत आत्या हसायची.

“आत्या, एक विचारू? आजोबा घरातून बाहेर तरी पडले होते ना?”

आत्याचा चेहरा उतरला. “संशय घेतेस? माझ्या आईवर?”

“मग तू सांग.”

“पडले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. झालं समाधान?”

“आणि बाबांच्या?”

“ऊठ, घरी जाऊ. या वह्यांतून धुळीशिवाय काही निघायचं नाही.”

कारकून खाकरला. “धूळ आमचीच आहे, मावशी. पण एक राहिलंय. अर्ज फायलीत लावतात ते हरवलेल्याच्या नावाने. अर्ज करणाऱ्यांची यादी वेगळी असते. ती सहसा कुणी बघत नाही.”

“मग आजीचं नाव बघा,” ती म्हणाली.

“काही गरज नाही!” आत्या उभीच राहिली.

कारकुनाचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

“आजींचं नाही. आजोबांचं आहे.”

“अर्जदारांत? चुकून लिहिलं असेल.”

“गल्ली तीच, घर नंबर तोच. तारीख तुम्ही सांगता त्यानंतर एकवीस दिवसांची.”

तो आत गेला आणि एक पिवळा पडलेला कागद घेऊन आला. आत्या पुन्हा बाकावर बसली. आत्याने रुमाल काढून तोंडावर धरला.

अक्षर रेखीव होतं. ती मोठ्याने वाचू लागली.

“‘मी तीन आठवडे परगावी होतो. परतलो तेव्हा घराला कुलूप होते. घरची माणसे कुठे गेली, शेजारी कुणालाच ठाऊक नाही. हरवलेल्यांचा तपशील : पत्नी, वय तीस. मुलगी, वय नऊ.’”

“पुढचं नको वाचूस, बाळ,” आत्या रुमालाआडून म्हणाली.

पुढचं तिने मनातच वाचलं.

‘मुलगा, वय चार. हा आमचा नव्हे, दोन वर्षांपूर्वी पत्नीने स्टेशनवरून उचलून आणलेला. त्याच्या आईवडिलांना शोधून मी सोबत आणले आहे. त्यांचे अंगठे खाली घेतले आहेत.’