शेजारची खुर्ची

गेल्या वर्षी याच नाट्यगृहात गायकाबरोबर आईपण गायला लागली, तेव्हा संयोगितानं लाजून तिचा गुडघा दाबला होता. "गप बस की आई! लोक त्याचं गाणं ऐकाय आल्यात, तुझं न्हाय."

आई गप्प बसली ती कायमचीच. मुरगूडच्या घरी गोठ्यात तिच्या गाण्याला सरावलेली म्हैस पान्हा चोरायला लागली, तरी धार काढताना तिनं पुन्हा सूर लावला नाही. श्रावणात आई गेली.

आज संयोगितानं दोन तिकिटं काढली होती. गायक म्हणाला, "म्हणा की माझ्याबरोबर!" सगळं सभागृह गायला लागलं. तिचे ओठ काही उघडले नाहीत.

गाणं संपलं. पुढच्या रांगेतली माणसं वळून तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघू लागली. संयोगिताला काहीच ऐकू येईना.

मागच्या बाईनं तिच्या खांद्याला हात लावला. "ताई, तुमच्या आईला आता गप बसवा की. गाणं कवाच संपलं."