ओझ्यासकट

"माणसं बसवूनच बघायची," भाऊसाहेब म्हणाले. "रिकामी गाडी कुणीही घाट चढवील."

लोणावळ्याच्या बंगल्यासाठी त्यांना नवी मोटार घ्यायची होती. फार मोठी नको, पण चारचौघांत शोभेल अशी. घरातल्या बायका घाटात मळमळतं म्हणून यायला तयार नव्हत्या. मुंबईहून गाडी घेऊन आलेल्या एजंटाने दगडाच्या गोण्या टाकू म्हटलं, मग सीटच्या तांबूस कातड्याकडे बघून स्वतःच तो बेत सोडला.

लोणावळा मागे पडल्यावर रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायका काम आटोपून उठत होत्या. एजंटाने गाडी थांबवायला लावली. भाजे गावची बयाबाई आणि तिची सून सरुबाई पुढे आल्या.

"घाट उतरायचा आणि परत चढायचा. तुम्ही नुसतं बसून राहायचं," एजंट म्हणाला. "नंतर भाज्याच्या फाट्यावर सोडतो."

बयाबाईने सुनेकडे पाहिलं. सरुबाईला दुपारपासून थंडी वाजून ताप भरला होता. घर तीन कोस लांब होतं.

"बसतो," बयाबाई म्हणाली.

एजंटाने सीटवर चादर अंथरली, मगच त्यांना आत घेतलं, आणि स्वतः दाराला चिकटून बसला. पुढे भाऊसाहेब. चाकावर इनायत. भाऊसाहेबांकडे तो आठ वर्षं ड्रायव्हर होता. या महिन्यात त्याने बघितलेली ही तिसरी गाडी. आधीच्या दोन त्याने नको म्हटल्या म्हणून आल्या वाटेने परत गेल्या होत्या. त्याची कंबर सकाळपासून ठणकत होती, आणि कुठली का असेना, एकदाची गाडी ठरावी असं त्याला वाटत होतं.

उतारावर एजंट सारखा बोलत होता. ब्रेक तेलाचे आहेत. हँडल मारायला नको, बटण दाबलं की इंजिन सुरू. पाणी किती तापलं ते दाखवणारा काटा समोरच आहे. भाऊसाहेब मान हलवत होते. इनायत ब्रेक दाबून बघत होता, सोडत होता.

खोपोलीहून गाडी वळली आणि चढाला लागली. पहिल्या अवघड वळणावर इनायतने दुसरा गिअर टाकला. गाडी कुरकुरली नाही. त्याने आरशात पाहिलं. सरुबाईचे दात वाजत होते. बयाबाईने बुडाखालची चादर ओढून काढली आणि सुनेच्या अंगाभोवती गुंडाळली. एजंटाने तोंड उघडलं, पण भाऊसाहेब पुढेच होते.

अर्ध्या घाटात, झऱ्यापाशी इनायतने गाडी उभी केली.

"इंजिनला पाण्याची गरज नाही," एजंट म्हणाला. "काटा बघा. निम्म्यावरसुद्धा गेला नाही."

इनायतने डबा भरून आणला आणि मागच्या खिडकीतून आत धरला. सरुबाई घटाघटा प्याली.

बंगल्यापाशी पोचले तेव्हा दिवे लागले होते. भाऊसाहेब खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली.

"चढली बुवा," ते म्हणाले. "बोल इनायत, घ्यायची?"

एजंटाने तोवर मागचं दार उघडलं होतं. "चला, उतरा आता."

"फाट्यावर सोडतो म्हनला व्हता," बयाबाई म्हणाली.

"उशीर झाला, बाई. मला अजून मुंबई गाठायचीय."

बयाबाई वाद घालणारी नव्हती. तिने सुनेच्या काखेत हात घातला. सरुबाईचा एक पाय खाली आला आणि तिथेच थांबला.

इनायत चाकावरून उठला नव्हता. "साहेब, घाट बघून झाला," तो म्हणाला. "सपाटीचा रस्ता राहिलाय. तो बघितल्याशिवाय मी कसं सांगू?"

"आत्ता?"

"ओझं आयतं बसलंय. उद्या पुन्हा माणसं कुठून आणायची?"

भाऊसाहेबांनी एकदा गाडीत पाहिलं, एकदा इनायतकडे.

"कुठवर जाशील?"

"भाज्याच्या फाट्यापर्यंत."

"जा," भाऊसाहेब म्हणाले, आणि एजंटाकडे न बघता फाटकातून आत गेले.

एजंट पुढे येऊन बसला. सपाटीवर गाडी पाण्यासारखी गेली. तो दोनदा म्हणाला, "बघा, आवाज तरी येतो का?" फाटा आला, इनायतने गाडी उजवीकडे घातली.

"फाटा हाच ना?"

"खराब रस्ता बघायचाय. स्प्रिंगा कळतात."

मळवलीचं रेल्वे फाटक ओलांडलं. पुढे नुसती बैलगाडीची वाट होती. इनायत एकेक खड्डा चुकवत इतक्या हळू चालला होता, की त्यात स्प्रिंगांचं काहीच कळण्यासारखं नव्हतं. एजंटाच्या ते ध्यानात आलं. तोही दमला होता. तो काचेतून बाहेर बघत राहिला.

भाज्याच्या पहिल्या घरापाशी गाडी थांबली. इनायतने मागे वळून पाहिलं. सरुबाईचं डोकं सासूच्या मांडीवर होतं. कपाळ घामाने डवरलं होतं. ताप उतरत होता.

"मावशी, आलं घर."

बयाबाईने हलकेच हात वर केला. "वाईच थांबा, भाऊ. आत्ताच डोळा लागलाय पोरीचा."

इनायतने मान डोलावली. इंजिन तसंच चालू ठेवलं.

थोडा वेळ गेला. एजंटाने घड्याळ काढलं. "आता काय बघताय?" त्याने विचारलं, तेही हळू आवाजात.

"उभ्या गाडीत इंजिन किती हलतं, ते," इनायत म्हणाला. त्याने चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि दिवसात पहिल्यांदाच पाठ सीटला टेकवली.