गुऱ्हाळाची वाट

“जिंकलो, रंगू! हायकोरटात जिंकलो!” वकिलाची तार मुंडाशात खोचून पुंजाराम बायकोला ओरडून सांगत होता. गुऱ्हाळाच्या वाटेत लावलेल्या बाभळीच्या काट्या त्याने ओढून बाजूला फेकल्या. चार वर्षांनी वाट मोकळी झाली.

खटला दिल्लीच्या इन्कम टॅक्सचा. शेतीच्या उत्पन्नावर हा कर नाही, धंद्याच्या उत्पन्नावर आहे. टॅक्सवाले साहेब म्हणाले, ऊस ही शेती खरी, पण गूळ हा धंदा. गुऱ्हाळ म्हणजे दुकानच. इंग्रज गेला, पण खटला काही गेला नाही. आता कोर्ट म्हणालं, घरच्या उसाचा गूळ ही शेतीच. चरकाच्या बैलांना विचारलं असतं, तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं!

काय दिवस होते ते! कोल्हारच्या रस्त्याने जाणारा कुणीही गुळाच्या वासाने आत वळायचा. येईल त्याला पेलाभर रस आणि उसाच्या कांडीवर गरम गूळ. पैशाचं नावही कुणी काढायचं नाही. मिशनच्या शाळेतले शांतवन मास्तर तर रोज संध्याकाळी यायचे. आलं-लिंबू घातलेला रस प्यायचे आणि गुळाची काहिल चुलाणावरून उतरेपर्यंत गप्पा मारायचे. त्या गप्पांवाचून पुंजारामला चार वर्षं करमलं नव्हतं.

खटला उभा राहिला तेव्हा वकिलाने बजावलं होतं, “फुकट दिलेला रसही ते विक्रीतच धरतील. बाहेरच्याला आत घेऊ नका.” त्याच संध्याकाळी मास्तर आले. पुंजाराम मान खाली घालून म्हणाला, “मास्तर, आता थेंबाथेंबाचा हिशेब द्यावा लागतोय.” मास्तर आल्या पावली परतले. दुसऱ्या दिवशी वाटेत काट्या पडल्या.

आज काहिलीला उकळी आली, वास रस्त्यापर्यंत गेला आणि मास्तर खरोखरच आत वळले. केस पिकले होते. डाव्या हाताची मूठ मिटलेली होती.

“या मास्तर, या! समदं पयल्यावानी झालंय!” पुंजारामला भरून आलं. रंगुबाईने आलं ठेचलं, लिंबू पिळलं. मास्तरांनी उभ्यानेच रस प्यायला.

“तीच चव,” ते म्हणाले.

“बसा की निवांत. काहिल उतरायला लई येळ हाय.”

मास्तरांनी पेला खाली ठेवला. मूठ उघडली. तळहातावर घामेजलेला एक आणा होता.

“किती झाले?” त्यांनी विचारलं.