हवा शिल्लक होती

“‘स्वतःच्या जिवाची पर्वा न करता, जळत्या गोदामातून बेशुद्ध सहकाऱ्याला खांद्यावर घालून सुखरूप बाहेर आणले.’” तिने वाक्य मोठ्याने वाचलं आणि खुर्चीत मागे रेलली. “कसं वाटतंय?”

तो बेशुद्ध सहकारी समोरच चहा पीत बसला होता. उंचीमुळे अग्निशमन केंद्रात सगळे त्याला शिडी म्हणायचे, म्हणून घरात तो शिडीकाका. बाबाच्या बायोडेटाखाली ओळखीचा माणूस म्हणून त्याचं नाव द्यायचं, हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. फोनही तिनेच केला होता. बाबाच्या भरवशावर राहिलं असतं तर बायोडेटा जन्मतारखेवरच संपला असता.

“बरोबर आहे,” शिडीकाका बशीकडे बघत म्हणाला.

बाबा ओट्यापाशी पाठमोरा उभा होता. एकच कप तो केव्हाचा विसळत होता. त्याचे कान लाल झाले होते.

“बघ काका, लाजला. बाबा, बायोडेटात लाजायचं नसतं. ‘पाइप मोजतो’ लिहिलंस तर पाइप मोजायलाच ठेवतील.”

पाइप तो खरंच मोजत होता. त्या आगीपासून धूर त्याच्या छातीत ठाण मांडून बसला होता. जिना चढला तरी धाप लागायची. त्याला बंबावरून उतरवलं आणि केंद्राच्या भांडारात बसवलं. आता जनसुरक्षा प्रशिक्षण अधिकाऱ्याची जागा निघाली होती. शाळांत, कारखान्यांत जायचं, नव्या जवानांना तयार करायचं. धावायचं नाही, शिकवायचं. ही जागा हुकली तर निवृत्तीपर्यंत भांडारच.

आणि हुकायचं कारण काय? असा बाबा कुणाकडे होता? ती लहान असताना हॉस्पिटलच्या खाटेपाशी उभं राहून तिने विचारलं होतं, “तू काकाला वाचवलंस ना?” बाबा “हं” म्हणाला होता. त्या एका ‘हं’वर तिने पुढे वक्तृत्व स्पर्धा जिंकली. जिना, ज्वाळा, कोसळणारं छप्पर, सगळं तिनेच घातलं होतं.

“ते वाक्य काढ,” बाबा म्हणाला.

“वेडा आहेस का? तेच तर एक वाक्य आहे. बाकी नुसता पत्ता.”

“काढ. खोटं आहे ते.”

तिने हसून शिडीकाकाकडे पाहिलं. शिडीकाका हसला नाही.

बाबा वळला. हात पुसायचं विसरला होता. पाणी लादीवर ठिबकत होतं.

“माझ्या सिलिंडरमध्ये हवा शिल्लक होती. चांगली भरपूर होती. तरी मी मास्क ओढून काढला. ह्या हाताने. धुरात माणूस घाबरला की श्वास वरच्या वरच अडकतो. मग वाटतं, मास्कच गळा दाबतोय. नव्या पोरांना आम्ही पहिल्या दिवशी सांगतो, मेलात तरी मास्क काढू नका. आणि मी काढला. दोन घोट धूर आत गेला आणि आडवा झालो. मला ह्याने बाहेर आणलं. मी कुणालाच आणलं नाही.”

“मग ‘हं’ का म्हणालास?”

“तू तशी बघत होतीस माझ्याकडे.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. ज्याने बाबाला ओढून काढलं, त्याच्यासमोर बसून तिने ते सगळं बाबाच्या नावावर वाचून दाखवलं होतं. आणि वर विचारलं होतं, कसं वाटतंय. बिचारा ‘बरोबर आहे’ म्हणाला होता. केवढं मोठं मन. तिची मान वर होईना. बाबाचीही होईना.

“लिही,” बाबा खाली बघूनच म्हणाला. “मास्क काढला होता, असंच लिही. घ्यायचं तर घेतील. त्या मास्कच्या आत काय होतं, ते तरी मी पोरांना नीट सांगू शकेन.”

तिने जुनं वाक्य पुसलं. एरवी कीबोर्डवर तिची बोटं नाचायची, आता एकेक अक्षर जड जात होतं. लिहून झाल्यावर तिने लॅपटॉप शिडीकाकाकडे फिरवला.

“काका, आता वाच. आणि तुझं नाव द्यायचं नसेल तर तसं सांग. मला वाईट नाही वाटणार.” तेही खोटंच होतं.

शिडीकाकाने वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्याच्या चहावर साय धरली होती. तो रागावलाय का, हे बघायला तिने हळूच मान वर केली. तो रागावला नव्हता. कॉपी करताना पकडलेल्या मुलाचा होतो, तसा त्याचा चेहरा झाला होता.

“मी आणलं, असं तुला कोण म्हणालं?” त्याने बाबाला विचारलं.

“म्हणायला कशाला हवं? आत आपण दोघंच होतो. मी शुद्धीवर आलो तेव्हा दाराबाहेर पडलो होतो आणि माझा पट्टा तुझ्या मुठीत होता.”

“माझा तुझ्या मुठीत होता.”

जगातल्या झाडून सगळ्या विषयांवर ह्या दोघांनी गप्पा हाणल्या होत्या. त्या आगीवर कधीच नाही.

“मीही मास्क काढला होता रे,” शिडीकाका म्हणाला. “खाली पडलो, एवढं आठवतंय. घरी सगळ्यांना सांगत आलोय, तू मला आणलंस म्हणून.” त्याने लॅपटॉपकडे पाहिलं, मग बाबाकडे. “तू नाहीस, तर मग मला कोणी आणलं?”