घरातल्या घरात

‘मुलं किती’ या रकान्यात रुबीनानं शून्य टाकलं, आणि माजिदानं चहाची कपबशी खाली ठेवली.

“हे काय? आणि जोहा?”

“एजंटनं असंच भरायला सांगितलंय, भाभी.” रुबीनानं लॅपटॉपवरून नजर काढली नाही. “कॅनडात कायमचं राहायचं तर मूल आपलं आहे याचा कागद लागतो. दत्तकाचा, कोर्टाचा. जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून तुमचंच नाव आहे.”

खाली कापडाचे लूम खडखडत होते. या घरात सगळेच मोठ्यानं बोलत. रुबीना मात्र आज इतकं हळू बोलत होती की माजिदाला पुढे वाकावं लागलं.

बाळंतपणाचा चाळीस दिवसांचा चिल्ला उठला त्या दिवशी माजिदानं जोहाला या धाकट्या जावेच्या मांडीवर ठेवलं होतं. रुबीनाला मूल होत नव्हतं, माजिदाला आधीची तीन होती. ‘सख्ख्या भावाला मूल द्यायचं, त्यात कोर्ट कसलं? घरातल्या घरात तर आहे,’ माजिदाचा नवरा जब्बार म्हणाला होता, आणि ते सगळ्यांनाच पटलं होतं. आता जोहा नऊ वर्षांची होती. रुबीना तिची अम्मी आणि माजिदा बडी अम्मी.

“मग आता कर ना कागद. म्हणशील तिथं सही करते. कोर्टात येते.”

“दोन-दोन वर्षं जातात त्यात. तोवर ह्यांचं वय वाढतं, अर्जातले वयाचे गुण कमी होतात. मग नंबर लागतोय कुठला?” रुबीनानं ओढणीनं नाक पुसलं. “कायद्यानं ती तुमचीच आहे, भाभी. तुम्हाला तर बरंच वाटायला पाहिजे.”

“इतकी वर्षं तोंड शिवून बसले, तेव्हा कुठं गेला होता तुझा कायदा?”

“हळू बोला. आत आहे ती.”

“तिला सांगितलंस?”

“तुम्हीच सांगा. माझ्यानं न्हाय होणार.”

पडदा सारून जोहाच बाहेर आली. केसांना पाणी लावून तिनं ते मागे घट्ट बांधले होते, दोन्ही कान उघडे.

“बडी अम्मी, अम्मी-अब्बांचे कॅनडाचे फोटो झाले, आता माझाच राहिलाय. कान दिसायला लागतात, माहितीय? फोटोवाला सांगत होता.” ती पांढऱ्या भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. “आणि हसायचं न्हाय. हसलं की फोटो बाद. बघ हां.”

तिनं ओठ घट्ट मिटले. गालांतून हसू फुटू पाहत होतं, ते तिनं आत ओढून धरलं. रुबीना उठून स्वयंपाकघरात गेली.

“जमतंय का?” ओठ फारसे न हलवता जोहानं विचारलं.

“जमतंय,” माजिदा म्हणाली.

“किती वेळ राहू अशी?”